ओल्यात ओलं शोधताना

"रिअर सील गेलंय, ताई," गाडीखालून सरकत बाहेर येता येता फिटर म्हणाला. उठून बसला, कळकट चिंधीला बोटं पुसली आणि पुढचं वाक्य त्याने जरा मायेनेच म्हटलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. नाहीतर चालवा तशीच. जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." माणूस सरळ होता, कामात मुरलेला होता, उगाच खर्चात पाडणाऱ्यांतला नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण म्हणजे बेल हाउसिंग; त्याच्या तळाला असलेल्या छोट्या भोकाशी ऑईलचा एक काळा थेंब लोंबत होता, आणि त्या जागी थेंब दिसला की पुष्कळदा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाचं सीलच दोषी निघतं, हे मलाही ठाऊक होतं. तरी त्याचं ते 'जुनी गाडी आहे' मनातून जाईना. रबर कडक होतं, कॉर्क आक्रसतं, पत्रा वाकतो, नळी तुंबते. या घडणाऱ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला एक जागा आहे, बोट ठेवून दाखवता येईल अशी. वय मात्र सगळ्या गाडीला सारखंच लागलेलं असतं. आणि थेंब काही सगळ्या गाडीतून पडत नव्हता. तो कुठल्यातरी एका जागेतून निघत होता, आणि ती जागा अजून कुणी पाहिली नव्हती.

गळतीची आणि माझी ओळख आधी डागांतून झाली. गाडी उभी राहायची तिथे जमिनीवर एक काळपट वर्तुळ, मधोमध ओलं आणि चकचकीत, कडेला तपकिरी होत होत विरलेलं. त्यावर पुठ्ठा टाकला की रात्रीतून पुठ्ठ्यावर नवे ठिपके उमटायचे. पुठ्ठ्याचा फायदा असा की जागेची नोंद राहते: चाकांच्या रेषेपासून किती आत, इंजिनाच्या कुठल्या टोकाखाली. रंगही खरा दिसतो. लालसर असेल तर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, हिरवट किंवा गुलाबी आणि चिकट असेल तर कूलंट. माझा प्रश्न अवघड होता, कारण बेल हाउसिंग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध असतं आणि दोघांचंही ऑईल त्याच भोकातून बाहेर येतं. तिथे नाकच कामाला येतं. गिअर ऑईलमध्ये गंधकयुक्त रसायनं असतात, दातांवर जबरदस्त दाब येतो तेव्हा धातूला धातू चिकटू नये म्हणून घातलेली. तो उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही. पुठ्ठ्यावरच्या थेंबाला तो वास नव्हता. करपट, थोडा धुरकट, वापरलेल्या इंजिन ऑईलचाच वास होता. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष, एवढं तरी नक्की झालं.

किती गळतंय हेही पाहायला हवं होतं, कारण डाग माणसाला घाबरवतो आणि डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी मोजायची पट्टी, खरं सांगते. पाण्याच्या एका मिलीलीटरचे साधारण २० थेंब होतात. ऑईलचा पृष्ठताण कमी, म्हणून त्याचे थेंब आणखी लहान. मिनिटाला एक थेंब अखंड पडत राहिला तर चोवीस तासांत १४४० थेंब, म्हणजे फार तर चाळीस ते सत्तर मिली. जमिनीवर ते भयंकर दिसतं. पण उभ्या गाडीचा थेंब हा नुसता उरलासुरला निथळ असतो. इंजिन चालू असताना ऑईलच्या वाटांमध्ये दोन ते चार बार दाब असतो, आणि तेव्हा जे जातं ते रस्त्यावर सांडतं किंवा सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळतं. पुठ्ठ्यावर त्याची नोंदच होत नाही. सिग्नलला थांबल्यावर आत येणारा तो जळका वास हीच त्याची एकमेव खूण. माझ्या डिपस्टिकवरची पातळी पुठ्ठ्यावरच्या ठिपक्यांच्या हिशोबापेक्षा जास्त वेगाने उतरत होती. एक्झॉस्टला निळा धूर नव्हता, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑईल जळत असल्याचं काही दिसत नव्हतं. गाडी चालताना कुठूनतरी बरंच काही बाहेर जात होतं.

ऑईल पसरतं, हा त्याचा स्वभावच. बेंजामिन फ्रँकलिनने क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि ते पसरत पसरत जवळजवळ अर्धा एकर पाणी त्याने आरशासारखं शांत करून टाकलं; त्याची हकिकत १७७४ साली छापून आली. ते तेल वेगळं, ते पाणी वेगळं, पण गाडीखाली टॉर्च घेऊन आडवं पडलं की त्या तळ्याची आठवण येते. इंजिनाच्या गरम लोखंडावर ऑईल थांबत नाही. ओतीव कामाच्या खरबरीत पृष्ठभागावरून, बोल्टांच्या डोक्यांवरून, पॅकिंगच्या कडांवरून ते सरकत राहतं. खाली तर जातंच, पण गाडी चालत असताना खालून घुसणारा वारा त्याला मागे ढकलतो, पंखा उडवतो, फिरती पुली शिंतोडे फेकते. पुढच्या टोकाला सुटलेलं ऑईल मागच्या टोकाला थेंब होऊन पडतं. सगळ्यात जास्त ओली जागा म्हणजे ऑईलला जिथे टेकायला मिळालं ती जागा. उगम त्याहून वर असतो, बहुधा पुढेही असतो.

बेल हाउसिंगच्या त्या भोकाशी पोचणाऱ्या वाटा तर अनेक. क्रँकचं मागचं सील त्यातलं एक. पण हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या अंगाने उतरलेलं ऑईलही इंजिनाचा ब्लॉक आणि बेल हाउसिंग यांच्यातल्या फटीत शिरतं आणि तिथेच निघतं. ऑईल प्रेशरचा स्विच मागच्या बाजूला बसवलेला असेल तर त्याच्या बुडातून येणारी बारीक धारही तिथेच. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचं बूच, ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटा बंद करणारे प्लग, चेंबरच्या, म्हणजे तळाच्या ऑईलच्या टाकीच्या, पॅकिंगचा मागचा कोपरा, सगळ्यांचा शेवट तिथे होऊ शकतो. स्विच किंवा ओ-रिंग हातभर वर, पान्याच्या दोन फेऱ्यांत निघणारी. सीलसाठी मात्र गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं खाली. एवढं खोलून नवं सील घालायचं आणि थेंब पडायचा तो पडतच राहायचा, ही गोष्ट मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मला या सगळ्याची गोडी लागली ती मामांमुळे. ते लेथवर काम करायचे, पण रविवारी कुणाच्या ना कुणाच्या इंजिनाशी बसलेले असायचे. गळतीची गाडी आली की ते पाने काढायचेच नाहीत. आधी रॉकेल, ब्रश आणि एक जुना पत्र्याचा ट्रे. मला वाटायचं, गाडी दुरुस्त करायची सोडून हे आंघोळ काय घालतायत. एकदा विचारलंच. ब्रशने एका बोल्टाभोवतीचा काळा थर सोडवत ते म्हणाले, "आधी सगळं धुऊन काढू. ओल्यात ओलं शोधता येत नाही." तो थर मला आजही दिसतो. वर्षानुवर्षांची धूळ आणि ऑईल मिळून झालेला, नखाने खरवडला तर मेणासारखा निघणारा, आणि खाली अचानक स्वच्छ राखाडी धातू, त्यावर ओतकामाच्या साच्यातला उठावाचा आकडा. धुऊन झालं की ते इंजिन चालू करायचे आणि शेजारी नुसते बसायचे. बोलायचे नाहीत. मध्येच हात मागे नेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोटाची पेरं फिरवायचे, वास घ्यायचे, अंगठ्यावर चोळायचे. त्यांचे हात उघडे असायचे. मी हातमोजे घालते, वापरलेलं ऑईल वारंवार कातडीला लागणं चांगलं नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण मोज्यातून ओल कळत नाही, म्हणून कधीकधी तो काढावा लागतो.

मामांकडेच मी असं इंजिन पाहिलं की ज्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला सीलच नव्हतं. क्रँकवर उलट्या दिशेचे आटे कोरलेले होते, बस. क्रँक फिरला की ते आटे बाहेर येऊ पाहणारं ऑईल परत आत ओढून घेत. इंजिन थांबलं की ओढणारं कुणी नाही, म्हणून उभ्या गाडीखाली थोडे थेंब पडणारच. बनवणाऱ्यांनी ते धरूनच चालवलं होतं. इतर काही इंजिनांत तिथे ग्रॅफाइट लावलेली विणलेली दोरी दाबून बसवत. झाकणांखाली कॉर्क, कागद, कधी नुसता शेलॅक. मग रबर आलं. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टन्सन यांनी अमेरिकेत १९३७ साली ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. १९३९ साली त्यांना पेटंट मिळालं. गोल छेदाचं एक रबरी कडं, योग्य मापाच्या खाचेत किंचित दाबून बसवलेलं, इतकी साधी वस्तू. आज एकेका इंजिनात ती कितीतरी ठिकाणी दडून बसलेली असते आणि कुणाचं तिच्याकडे लक्षही जात नाही.

क्रँकच्या सीलचं काम मात्र या सगळ्यांत विलक्षण. बाहेरून पाहिलं तर धातूचं कडं, त्याला आतून रबराची बारीक लिप, आणि ती लिप शाफ्टवर दाबून धरणारी वळ्यांची नाजूक स्प्रिंग. आपल्याला वाटतं, ही लिप ऑईल अडवते. ती शाफ्टला पूर्ण कोरडी चिकटली तर काही वेळातच जळून जाईल. ८० मिलीमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने तिच्याखालून जातो. म्हणून ती स्वतःखाली ऑईलचा एक थर येऊ देते, मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीचा, आणि त्याच थरावर तरंगते. लिपच्या दोन बाजूंचे उतार वेगळे ठेवलेले असतात, ऑईलच्या बाजूला चढा आणि हवेच्या बाजूला सपाटीकडे झुकलेला. या फरकामुळे आणि रबराच्या अतिसूक्ष्म ताणामुळे शाफ्ट फिरत असताना ते ऑईल सतत आतल्या बाजूला पंप होत राहतं. तेच सील उलटं बसवलं तर ते इमानेइतबारे ऑईल बाहेर पंप करील. म्हणजे चांगलं सील सतत भिजलेलं असतं. हे वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ नवीन सील हातात घेऊन त्याच्या कडेवर बोट फिरवत बसले होते.

आता माझ्या गाडीकडे. मी धुण्यापासूनच सुरुवात केली. इंजिन कोमट असताना, हात टेकवता येईल इतकंच गरम. आल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, एअर फिल्टरचं तोंड झाकलं. डिग्रीझर फवारला की काळ्या थराचं आधी काहीच होत नाही, मग तो तपकिरी होतो, मग सुरकुततो आणि ओघळायला लागतो. दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपरे. हेडच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला, हात जेमतेम जातो आणि डोळे जातच नाहीत; तिथे मोबाइलचा कॅमेरा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा. पाणी बेताचं, जोराच्या फवाऱ्याने उलट पाणी नको तिथे शिरतं. मग हवेने सुकवलं. धुतलेलं घाण पाणी आणि ऑईल ट्रेमध्येच धरलं, कारण गटारात सोडायचं ते नाहीच. सुकलेल्या धातूवर टाल्कम पावडरचा हलका थर उडवला. काळ्या इंजिनाला एकदम पांढरा मुलामा चढला.

गाडी थोडी फिरवून आणली आणि बॉनेट उघडलं. काहीच नाही. सगळं पांढरं कोरडं. पुन्हा फिरवली, या वेळी चढावर, इंजिनावर जोर येईल अशी. तरी काही नाही. या टप्प्यावर धीर सुटतो, आणि हातात आलेला पाना कशावर तरी चालवावासा वाटतो. शंका आलेला प्रत्येक बोल्ट थोडा आवळून टाकावा ही इच्छा फार वाईट. एक म्हणजे त्याने पुरावा पुसला जातो. आणि दुसरं, झाकणाचे बोल्ट नाजूक असतात, पुष्कळ इंजिनांत आठ-दहा न्यूटन मीटर एवढाच पीळ त्यांना पुरतो. ज्यांना असल्या शोधाची कटकट नको असते ते ऑईलमध्ये हिरवट चमकणारा रंग घालतात आणि अतिनील दिव्याखाली पाहतात. उत्तम उपाय, अवघड जागी मीही तोच वापरीन. पण मला पावडर आवडते. ती धातूचाच पृष्ठभाग बोलका करते.

एक रेघ.

हेडच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, कडेखाली, मुंग्यांच्या रांगेएवढी बारीक, राखाडी, ओलसर. मी आरसा हलवला तशी ती हलली, म्हणून आधी सावलीच वाटली. मग बोट मागे घालून स्पर्श केला, पेर ओलं झालं. रेघ तिथून सरळ खाली उतरत होती, ब्लॉकच्या मागच्या कडेवर जरा रुंदावत होती आणि बेल हाउसिंगच्या फटीत नाहीशी होत होती. तिच्या वर पावडर कोरडी. खरं सांगते, मला आनंद झाला आणि त्याच वेळी घशाशी काहीतरी आलं. मामा असते तर त्यांना हाक मारली असती. ते उठून आले असते, काही न बोलता बोट फिरवून पाहिलं असतं.

कव्हर उघडलं. कॉर्क-रबराचं पॅकिंग बोटांत घेताच कटकन मोडलं. जिथे ते नीट दाबलेलं होतं तिथे काळं आणि चकचकीत, जिथे नव्हतं तिथे फिकट. मागच्या कोपऱ्यात फिकटपणा जास्त होता. हेडच्या त्या टोकाला अर्धचंद्राच्या आकाराचं एक रबरी बूच बसतं आणि पॅकिंग त्याच्यावरून जातं. बुचाचं रबर दगडासारखं झालेलं, नखाने ओरखडा उमटेना. नायट्राइल रबर गरम ऑईलमध्ये वर्षानुवर्षं राहिलं की त्यातला मऊपणा देणारा अंश निघून जातो, ते आक्रसतं, कडक होतं आणि दाबाला उलटून दाब देईनासं होतं. कव्हर पत्र्याचं. कुणीतरी कधीतरी गळती थांबवायला बोल्ट भरपूर आवळले असणार, कारण प्रत्येक भोकाभोवती पत्रा खाली खोलगट झालेला होता. सपाट पट्टी धरली तर दोन बोल्टांच्या मधली जागा अधांतरी. जितकं आवळावं तितका मधला भाग उचलला जाणार. लाकडाच्या ठोकळ्यावर कव्हर पालथं ठेवून हलक्या हातोडीने ते खळगे एकेक करून बसवले, पट्टी धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. या कामाला घाई चालत नाही आणि मला ती नव्हतीही. जुन्या पॅकिंगचे कण हेडवरून प्लॅस्टिकच्या पातीने खरवडले, आत पडू नयेत म्हणून कॅमभोवती कपडा भरून. मग नवं बूच, नवं पॅकिंग, आणि बुचाच्या दोन्ही टोकांशी तेवढा सिलिकॉनचा एकेक ठिपका. सगळीकडे सिलिकॉन चोपडणाऱ्यांचा मला राग येतो. जास्तीचा सिलिकॉन दोन्ही बाजूंना पिळून निघतो. बाहेरचा दिसतो, आतला सुटून चेंबरमध्ये पडतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की इंजिनाला ऑईल मिळत नाही. थेंब वाचवायला गेलं आणि इंजिन गेलं.

रेघ गेली. पुठ्ठा कोरडा राहिला. पण काही आठवड्यांनी त्याच कोपऱ्यात पुन्हा अगदी पुसट ओल दिसली. या खेपेला आणखी एक गोष्ट दिसली: डिपस्टिकच्या नळीच्या तोंडाशी ऑईलचं एक ओलं कडं. तिथे ना पॅकिंग जुनं, ना बोल्ट सैल. तिथून ऑईल वर चढायचं तर त्याला आतून कुणीतरी ढकलायला हवं.

पिस्टनवर स्फोटाचा दाब येतो तेव्हा पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बारीक फटींतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, निसटतोच, अगदी नव्या इंजिनातही. तो बाहेर पडायला वाट हवी. जुन्या काळी एक नळी सरळ रस्त्याकडे उघडी सोडलेली असे. धूर, न जळलेलं पेट्रोल, ऑईलची वाफ सगळं हवेत. कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या गाड्यांना ही वाफ परत इंजिनाच्या श्वासात ओढून घेणारी यंत्रणा सक्तीची केली, शहरावर साचणाऱ्या धुरक्यापायी. पण तिने इंजिनाचंही भलं केलं. एका लहानशा व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्ड क्रँककेसमधली हवा हळूच शोषत राहतो आणि आत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राहतो. म्हणजे प्रत्येक सील, प्रत्येक पॅकिंग बाहेरच्या हवेने आत दाबलेलं राहतं. ही वाट तुंबली की उलटं होतं. वायू साठतो, दाब वाढतो, आणि जिथे सांधा सगळ्यात कमजोर तिथून ऑईलला घेऊन बाहेर पडतो. तो सांधा बदलला की त्याच्या खालोखालचा कमजोर सांधा पुढचा. नवं सील घातल्यावर दुसरीकडे गळायला लागलं की लोक सुट्या भागांच्या दर्जाला दोष देतात, आणि श्वासाची नळी तिथेच तुंबलेली असते.

इंजिन आयडलिंगवर असताना ऑईल भरायचं झाकण काढून तोंडावर कागदाचा तुकडा ठेवला. तो आत ओढला जायला हवा होता. तो थरथरत उचलला गेला. मग एक पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी घातलं आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला जोडलं. पाणी बाहेरच्या बाजूला चांगलं चार बोटं चढलं. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ही हवा शोषू देणारा तो लहानसा व्हॉल्व्ह, काढून कानाशी हलवला. चांगल्या व्हॉल्व्हची आतली सोंगटी खुळखुळते. हा मुका होता. त्याच्या मागची रबरी नळी बाहेरून धडधाकट, पण आतून पदर सुटून चपटी झालेली, आणि कव्हरच्या आतल्या जाळीत पिवळट-तपकिरी चिखल. गाडी कमी अंतरासाठीच फिरत असली, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होत असलं की वाफेचं पाणी ऑईलमध्ये मिसळून असला राप तयार होतो. जाळी सॉल्व्हंटमध्ये रात्रभर बुडवली, सकाळी पाणी-साबणाने धुऊन वाळवली. व्हॉल्व्ह नवा, नळी नवी, ऑईलचा मारा सोसणाऱ्या रबराची. साधी पाण्याची नळी इथे काही महिन्यांत फुगून मऊ पडते. सिलिंडरांचं कॉम्प्रेशनही पाहून घेतलं, कारण रिंगाच झिजल्या असत्या तर नळी साफ करून भागलं नसतं. चारही जवळपास सारखे निघाले. त्यानंतर पाणी किंचित आतल्या बाजूला सरकलं आणि तिथेच ठरलं.

मागचा कोपरा तेव्हापासून कोरडा आहे, बेल हाउसिंगचं भोकही. ज्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरणार होता ते अजून तिथेच, आपल्या ऑईलच्या थरावर तरंगत, काम करतंय. त्या फिटरला मी हे सगळं सांगितलं. त्याने डिपस्टिकची नळी, नवी रबरी नळी नीट पाहिली आणि म्हणाला, "कागद ठेवून बघायचं, हे बरंय." दिवसभर गाड्यांची रांग लागलेल्या माणसाला पावडर उडवून वाट बघत बसायला फुरसत कुठली? माझ्याकडे एकच गाडी होती. हा फरक मोठा आहे आणि मी तो विसरत नाही. पण कागदाच्या तुकड्याला फुरसत लागत नाही. एवढी तपासणी तरी सील बदलायचा निर्णय घेण्याआधी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. गळती थांबवणारी बाटली मी ओतली नाही. तिच्यातली रसायनं रबराला थोडं फुगवतात, काही काळ बरं दिसतं. पण ती आजारी सीलला लागतात तशीच धडधाकट सीलनाही लागतात, आणि खरं कारण आणखी थोडे दिवस झाकून राहतं. दाट ऑईलचंही तेच. थंड इंजिन चालू होताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि कॅम तेवढा काळ कोरडा फिरतो.

क्रँकचं पुढचं सील मात्र खरंच थोडं पाझरतं. पुलीच्या मागे बोटभर ओल असते, थेंब धरत नाही. कॅम फिरवायला पट्टा असता तर हे एक दिवसही सोडलं नसतं, कारण ऑईल लागलेला पट्टा तुटतो; पण या इंजिनात साखळी आहे आणि ती ऑईलमध्येच राहते. म्हणून ठरवलंय, पुढच्या वेळी पाण्याच्या पंपासाठी पुली उतरेल तेव्हा सील बदलायचं. पुलीच्या दांड्यावर जुन्या लिपने खोबण पाडली असेल तर नखाला लागेल. तसं असलं तर नवं सील दोन मिलीमीटर आत बसवायचं, नाहीतर दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवायची. तोवर दर वेळी ऑईलची पातळी पाहताना तिथे टॉर्च मारते. मागच्या वेळी होती तेवढीच ओल आहे.